विहीणबाईंना मी माफ केलं

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. देवापुढेही नाही — देवापुढे उभा राहिलो की मी दुसरंच काहीतरी बोलतो आणि लगबगीने बाहेर पडतो. सांगायची वेळ आली नाही असं नव्हे. बऱ्याचदा आली. प्रत्येक वेळी मी चष्मा पुसला, पेपर उलगडला, नाहीतर उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. आमच्या कुंड्यांना गेल्या काही वर्षांत फार पाणी मिळालं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं नाही, हे लिहायला बसल्यावर कळतंय. हात सारखा दुसरीकडेच जातो.

मी डोंबिवलीत राहतो, पूर्वेला. पंचाहत्तरी उलटली. घरीदारी सगळे मला अण्णा म्हणतात. नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात झाली, तपासणी खात्यात. आमच्याकडे व्हॉल्व्ह बनायचे. तयार झालेल्या व्हॉल्व्हमध्ये हवेचा दाब भरून तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि बघत राहायचं. एक बुडबुडा वर आला तरी माल परत. कारागीर चिडायचे — "अण्णा, एवढ्याशाने काय आभाळ कोसळतंय?" मी म्हणायचो, बुडबुडा म्हणजे भोक आहे, आणि भोक लहानाचं मोठं होतं. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. का सांगतोय ते पुढे कळेल.

आमच्या घरात एक वाक्य रूढ झालं आहे. कुणाचं पोट बिघडलं, कुणाला ताप भरला, की कुणीतरी हसून म्हणतं, "दिव्याचं पाणी प्यायलास वाटतं!" मागच्या महिन्यात रात्रीच्या जेवणाला माझा नातू ओजस पोट धरून वाकला आणि म्हणाला, "आई, माझ्या पोटात दिव्याचं पाणी गेलंय." तिसरीत आहे तो. त्याला विनोद करायचा होता. माझी सून प्राची तेव्हा आमटी वाढत होती. तिने डाव भांड्यात ठेवला, हात पुसला आणि आत गेली. तिचं माहेर दिव्याचं, म्हणजे आमच्या डोंबिवलीजवळच्या दिवा गावचं. तिची आई आदल्याच हिवाळ्यात गेली.

ओजसने माझ्याकडे बघितलं. "आबा, मी काय केलं?"

त्याने काय केलं होतं? काहीच नाही. ते वाक्य त्याच्या जन्माच्या आधीचं आहे. ते पहिल्यांदा माझी बहीण बोलली, पण ते जगलं माझ्यामुळे. माझ्या एका शब्दामुळे. तो शब्द मी सांगणारच आहे — पण मला जरा आधीपासून सुरुवात करू द्या.

प्राचीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हाची गोष्ट. सातवा महिना लागला होता. आमच्याकडे डोहाळजेवण ठरलं होतं, रविवारी. घराजवळचा छोटा हॉल, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा, सगळं. माझी थोरली बहीण, आक्का, साताऱ्याहून येणार होती. आक्काला माझ्या मुलाचं, निखिलचं, लग्न पसंत नव्हतं. "अरे, दिव्याची मुलगी केलीस? जिथे नळाला पाणी येत नाही तिथली?" असं ती लग्नातच म्हणाली होती, आणि बऱ्यापैकी मोठ्याने. त्यामुळे हे डोहाळजेवण जरा थाटात व्हावं असं मला फार वाटत होतं. सुनेसाठी? की आक्काला दाखवण्यासाठी? आज विचाराल तर दुसरं.

शनिवारी सकाळी आमची ही कल्याणच्या बाजारात गेली होती, फुलं आणि ओटीचं सामान आणायला. निखिल पुण्याला नोकरीला, तो रात्री येणार होता. घरात मी आणि प्राची. मी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून झोपाळ्याला लावायच्या दिव्यांच्या माळेचा गुंता सोडवत होतो. प्राची आतून आली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"बाबा, आई कधी येतील?"

"दुपार होईल. का गं?"

"नाही, म्हणजे..." ती थांबली. "बाबा, मला जरा ओलं ओलं होतंय. सकाळपासून. लघवी नाहीये ती, पाण्यासारखं आहे. थोडं थोडं जातंय. दवाखान्यात फोन करू का?"

तिला वडील नव्हते. लग्नानंतर पहिल्या महिन्यातच तिने मला मनाने त्या जागी बसवलं होतं, हे मला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. नाहीतर कुठली सून सासऱ्याला असलं सांगेल? तिला ते सांगताना किती जड गेलं असेल! आणि मला काय करायचं होतं? "कर" म्हणायचं होतं. एवढंच.

मी माळेकडे बघत राहिलो. माझे कान तापले. बाईच्या शरीराचं बोलणं, तेही सुनेच्या — मला ते बोलणं संपवायचं होतं. दुसरं काही नाही. मला ते लवकरात लवकर संपवायचं होतं. म्हणून मी म्हणालो, "अगं, सातव्यात होतं असं. तुझ्या सासूलाही व्हायचं, निखिलच्या वेळी. काही नसतं. पाय वर करून पड जरा. उद्याचं होऊ दे, मग सोमवारी दाखवू."

हे मी बनवलं. आमच्या हिला असं काही झालं होतं की नाही, मला काय माहीत? सातव्या महिन्यातच ती वाईला माहेरी गेली होती. निखिल महिन्याचा झाला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा बघितला. तिच्या बाळंतपणातलं मला एक अक्षर ठाऊक नव्हतं, मी कधी विचारलंही नव्हतं. पण मी ते इतक्या सहज बोललो, इतक्या जाणत्या माणसासारखं, की माझं मलाच खरं वाटलं.

प्राचीचा चेहरा सैल झाला. "हो ना?" म्हणाली. हसलीसुद्धा. मी बाकी सगळं विसरेन, ते हसू विसरणार नाही.

आयुष्यभर एका बुडबुड्यासाठी माल परत पाठवणारा माणूस मी. आणि ती माझ्यासमोर उभी राहून सांगत होती की थेंब थेंब पाणी जातंय.

दुपारी ही आली. फुलांच्या टोपल्या, हिरव्या बांगड्या, गडबड. मी तिला सांगितलं का? नाही. विसरलो म्हणू? विसरलो नव्हतो. सांगितलं असतं तर तिने लगेच रिक्षा बोलावली असती. दवाखान्यात ठेवून घेतलं असतं. संध्याकाळी आक्का दारात उभी राहिली असती आणि घरात डोहाळजेवण नसतं. हे सगळं मी मनात इतकं स्पष्ट बोललो नव्हतो, पण ते तिथे होतं.

रविवारी सगळं छान झालं. लोक अजून सांगतात, फार छान झालं होतं. प्राची झोपाळ्यावर बसली, अंगावर फुलांचे दागिने. चेहरा जरा पिवळट दिसत होता. मी म्हटलं, शेवंतीचा रंग असेल. तिने आत कापडाची घडी ठेवली असणार — हा विचार माझ्या मनात आला आणि मी पाहुण्यांना सरबत द्यायला गेलो.

विहीणबाई दिव्याहून आल्या, हातात ओटीचं ताट, पाठीवर घामाचा डाग. आक्काने दारातच गाठलं. "या! आम्हाला वाटलं टँकरची वाट बघत बसलात."

विहीणबाई हसून म्हणाल्या, "नाही हो आक्का, टँकरमध्येच बसून आलो. जागा होती, तुम्हाला पण घेतलं असतं."

सगळा हॉल हसला. आक्कासुद्धा. अशा होत्या त्या. कोकणातल्या, नवरा लवकर गेलेला, शिवणकामावर मुलीला वाढवलेलं, आणि जीभ कात्रीसारखी. हे मी मुद्दाम सांगतोय. त्या आधी कशा होत्या ते तुम्हाला माहीत असायला हवं.

दोन झाकलेल्या वाट्या प्राचीपुढे धरल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. तिने उघडली त्यात बर्फी निघाली. मुलगी होणार म्हणून बायका ओरडल्या. विहीणबाईंनी लेकीची दृष्ट काढली. "मला मुलगीच पाहिजे होती," म्हणाल्या. "ब्लाउज शिवायला शिकवीन."

सोमवारी सकाळी निखिल पुण्याला गेला. रीतीप्रमाणे प्राची थोडे दिवस आईकडे जाणार होती. निघताना ती चपला घालता घालता माझ्याजवळ थांबली. "बाबा, ते दवाखान्याचं..."

"आता कसं आहे?"

"कमी वाटतंय."

"मग झालं तर. आईकडे आराम कर."

विहीणबाई दोन पावलांवर उभ्या होत्या, लेकीची पिशवी खांद्याला लावून. त्यांना सांगायला मला किती वेळ लागला असता?

दिव्याचं त्यांचं घर मी पाहिलेलं होतं. तिसरा मजला, दोन खोल्या. पाणी एक दिवसाआड, तेही येईल तेव्हा. मोरीत निळे ड्रम, त्यांच्या तोंडाला पांढरं फडकं ताणून बांधलेलं. इतकं पांढरं, की आमच्या घरातले टॉवेल तसे नव्हते. त्या लेकीसाठी प्यायचं पाणी उकळायच्या, आंघोळीचंसुद्धा उकळून कोमट करून द्यायच्या. हे मला नंतर त्यांनीच सांगितलं.

तिकडे प्राचीला थंडी वाजून ताप भरला. पोट दुखायला लागलं, आणि एकदम भसकन पाणी गेलं, साडी भिजली. विहीणबाईंनी खालून रिक्षा आणली आणि तिला आधी आमच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथून ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. आम्ही दोघं पोचलो तेव्हा प्राची आत होती, ग्लानीत. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि उभ्या उभ्या विचारायला लागल्या. पाणी नक्की कधीपासून जातंय?

"आज पहाटेच," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर."

"त्याआधी? थोडंसं ओलं होतंय वगैरे काही म्हणाली होती का कुणाला? आठवून सांगा, महत्त्वाचं आहे."

"माझ्याजवळ तर काहीच नाही," आमची ही म्हणाली. ते खरं होतं.

मग डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "नाही."

त्या एका शब्दाने पुढचे उपचार बदलले का? मला माहीत नाही. ताप होताच, तो बघून त्यांनी जे करायचं ते केलंच असणार. पण महत्त्वाचं आहे असं त्या म्हणाल्या होत्या. आणि मी नाही म्हणालो. माझी बायको शेजारी उभी होती, विहीणबाई होत्या, आणि मला लाज वाटली. लाज — दुसऱ्याच्या जिवापेक्षा ती मोठी असते का? त्या दिवशी झाली.

मुलगी झाली. बर्फी निघाली होती ना. काचेच्या पेटीत ठेवली होती, नळ्या लावून. मी एकदाच बघितली. माझ्या अंगठ्याएवढा तिचा तळवा होता, आणि मूठ घट्ट मिटलेली. थोडे दिवस होती. मग इन्फेक्शन रक्तात पसरलं आणि ती गेली. तिचं नाव ठेवायचं राहिलं.

नंतर डॉक्टरबाईंनी घरच्यांपैकी कुणाला तरी बोलावलं. निखिल भिंतीला टेकून बसला होता. "बाबा, तुम्हीच ऐका, माझ्याने होणार नाही," म्हणाला. म्हणून मी एकटा आत गेलो.

त्यांनी मला समोर बसवून शांतपणे समजावलं. बाईच्या योनिमार्गात जंतू असतातच, म्हणाल्या. प्रत्येक बाईच्या. बरेचसे चांगले असतात, तेच वाईटांना वाढू देत नाहीत. कधी हा तोल बिघडतो, चांगले कमी होतात, दुसरे वाढतात, आणि बाईला त्याचा पत्ताही लागत नाही. एरवी बाळ पिशवीत सुरक्षित असतं. पण पिशवी वेळेआधी फुटली, अगदी बारीक चीर पडली, तरी जंतूंना वर जायला वाट मिळते. ती वाट जितका वेळ उघडी राहील तितका धोका वाढतो. कधी उलटंही होतं, जंतूंमुळेच पिशवी आधी कमकुवत होते आणि मग फुटते. कुठलं आधी झालं, ते सांगता येत नाही. लवकर आली असती तर औषधं सुरू करता आली असती, बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शन देता आलं असतं. वाचलंच असतं असं नाही. पण संधी मिळाली असती.

मी मान हलवत होतो.

शेवटी त्या म्हणाल्या, "याचा स्वच्छतेशी संबंध नाही. आंघोळीच्या पाण्याशी नाही, कुणाच्या घराशी नाही. आपल्याकडे बायका उगाच स्वतःला दोष देतात आणि घरचेही देतात. काका, तुम्ही शिकलेले आहात. घरी गेल्यावर हे सगळ्यांना नीट सांगा. एवढं मी तुमच्यावर सोपवते."

बाईंनी ते माझ्यावर सोपवलं.

घरी आक्का थांबलेली होती. आमची ही होती, शेजारच्या दोघीतिघी होत्या. मी चपला काढल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडे तोंडं केली. काय म्हणाले डॉक्टर?

सगळं सांगायचं तर शनिवारपाशी यावं लागणार होतं. बारीक चीर, वेळ, उघडी वाट — हे मी उच्चारलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं, पण आधी कळलं कसं नाही? म्हणून मी अर्धंच सांगितलं. म्हणालो, "इन्फेक्शन झालं. जंतू खालून वर गेले."

आक्काने मांडीवर हात मारला. "दिव्याचं पाणी! मी म्हणत नव्हते? त्या ड्रमातल्या पाण्याने आंघोळ घातली असणार पोरीला. सात महिन्यांची पोटुशी पोर आणि ड्रमातलं पाणी!"

"मला पण तेच वाटलं," आमची ही रडत म्हणाली. "इथून गेली तेव्हा धडधाकट होती हो. तिथे गेली आणि झालं." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही बघितले आहेत ना ते ड्रम?"

मी बघितले होते. पांढरं फडकं बांधलेले.

मी म्हणालो, "असेल."

हा तो शब्द. आरोप माझ्या बहिणीने केला. मी फक्त "असेल" म्हणालो. पण माल पास की नापास, हे घरात माझ्या शब्दावर ठरायचं. अण्णा म्हणाले म्हणजे तपासून म्हणाले.

त्यानंतर प्राचीला दिव्याला पाठवणं बंद झालं. कुणी तसं जाहीर केलं नाही, फक्त दरवेळी काहीतरी आडवं यायचं. विहीणबाईंनी आणलेला डबा आमच्याकडे तसाच राहायचा आणि मग कामवालीला दिला जायचा. प्राची हे बघायची. तिला वाटायचं, पाण्याची पिशवी आईच्या घरात फुटली, मग लोक म्हणतात त्यात तथ्य असेल. शनिवारचं तिला आठवत नव्हतं का? आठवत असेल. पण ते तर काहीच नव्हतं ना — सासूबाईंनाही झालं होतं. सासरे म्हणाले होते.

काही महिन्यांनी मी एकटाच दिव्याला गेलो. घरात सांगून गेलो, विहीणबाईंना भेटून येतो म्हणून. खरंच सांगायला गेलो होतो. वाक्य तयार केलं होतं. स्टेशनपासून त्यांच्या इमारतीपर्यंत ते घोकत गेलो.

जिन्यात ते निळे ड्रम पालथे घालून ठेवले होते, घासून घासून रंग उडालेले. घरात भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र लागलं होतं. विहीणबाई मला बघून इतक्या गडबडल्या की हातातली कात्री खाली पडली. मला बसवलं आणि शेजारच्या मुलीला खाली पिटाळलं. ती दुकानातून पाण्याची बाटली घेऊन आली. विहीणबाईंनी ती माझ्यासमोर धरून झाकण फिरवलं, ते सील तुटल्याचा आवाज मला यावा म्हणून.

"बंद बाटलीतलं आहे, अण्णा. घ्या. घरचं नाही."

ग्लास मी हातात घेतला. म्हणालो, "विहीणबाई, मी एक बोलायला आलोय."

"आधी मला बोलू द्या," त्या म्हणाल्या. "मीच येणार होते, पण आक्कांसमोर धीर होईना." पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या जमिनीकडे बघून बोलायला लागल्या. "मी उकळत होते हो. आंघोळीचं पण. गाळून घेत होते, फडकं रोज धूत होते. कुठे चुकलं मला अजून कळत नाही. पण चुकलं असणारच. तुमची नात माझ्या घरामुळे गेली, अण्णा. मला माफ करा."

आणि त्यांनी हात जोडले. टँकरमध्ये जागा होती म्हणणाऱ्या बाईने माझ्यापुढे हात जोडले.

मी काय केलं? ग्लास खाली ठेवला का? शनिवारचं सांगितलं का?

मी म्हणालो, "जाऊ द्या, विहीणबाई. आमच्या मनात काही नाही. झालं ते झालं."

मी त्यांना माफ केलं.

त्या तोंडाला पदर लावून रडल्या. मोकळ्या होऊन रडल्या. "तुमचं मन मोठं आहे, अण्णा," म्हणाल्या. मी ते ऐकून घेतलं, ग्लासातलं पाणी संपवलं, चहा घेतला आणि उठलो. घरी आल्यावर हिने विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, माफी मागितली त्यांनी. "मागणारच," ही म्हणाली. त्या दिवशी निकाल पक्का झाला. मी तो करायला गेलो नव्हतो, असं मला म्हणायचंय — पण करून तर आलो.

ओजसच्या वेळी प्राचीची तपासणी वेगळ्या डॉक्टरांकडे होती. त्यांनी मागचं सगळं खोदून विचारलं, जंतूंची तपासणी केली, आणि ठाण्याच्या बाईंनी मला सांगितलं होतं तेच तिला सांगितलं. प्राची घरी येऊन उत्साहाने सांगायला लागली. "आई, ते पाण्यामुळे नसतं. ते आपल्या शरीरातच असतं सगळ्यांच्या. माझ्या आईच्या पाण्याचा काही..." आमची ही म्हणाली, "डॉक्टर बोलतात गं असं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून." मी तिथेच बसलो होतो. एक शब्द पुरला असता. मी पेपरचं पान उलटलं.

दोन दिवसांनी प्राची गॅलरीत माझ्याजवळ आली. "बाबा, त्या डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला..."

"बेल वाजली वाटतं," मी म्हणालो आणि उठलो. दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. तरी मी बराच वेळ दार उघडं धरून उभा राहिलो. परत आलो तेव्हा ती कुंडीतली वाळलेली पानं काढत होती. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. माझा चहा, माझी औषधं, सगळं वेळेवर करते. फक्त तेव्हापासून तिने आपल्या दुखण्याखुपण्याबद्दल मला काही सांगितलेलं नाही. डोकं दुखतंय एवढंही नाही.

तिने आईला सांगितलं असेल का? मला वाटतं, नाही. सांगितलं असतं तर आईने विचारलं असतं, मग माझ्या घरी आल्यावर मला का नाही बोललीस? मी तुझी आई. आणि ती काय उत्तर देणार? बाबा म्हणाले होते की काही नसतं, हे? माझं गप्प बसणं मी तिच्याही गळ्यात बांधलं.

ओजसच्या बारशाला विहीणबाई आल्या. कोपऱ्यात बसल्या. कुणीतरी म्हणालं, अहो आजी, घ्या की नातवाला. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "नको, लांबूनच बघते," म्हणाल्या. आक्काने टोमणा मारला नाही. मारायची गरजच उरली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात विहीणबाईंना कल्याणला दवाखान्यात ठेवलं, हृदयाचं दुखणं. मी भेटायला गेलो. प्राची खाली औषधं आणायला गेली होती, खोलीत आम्ही दोघंच. तेच वाक्य पुन्हा तयार होतं, इतक्या वर्षांत त्यातला एक शब्द बदललेला नव्हता. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि तोंडावरचा मास्क बाजूला करून विचारलं, "ओजस बरा आहे ना? पाणी उकळून देता ना त्याला?"

मी म्हणालो, "हो."

मग प्राची आली. मी खुर्ची तिला दिली. विहीणबाई तिथून घरी परतल्या नाहीत.

हे छापून आलं तर आमच्या घरात वाचलं जाईल. आमची ही वाचेल, निखिल वाचेल. प्राची कदाचित शेवटपर्यंत वाचणार नाही, तिला ते माहीत आहे. आक्का आता नाही. ओजस मोठा झाला की वाचेल. त्यांच्यापैकी कुणी मला काय म्हणावं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आणि ज्यांना हे सांगायचं होतं, त्या वाचणार नाहीत.

दिव्याच्या रस्त्यावर घोकलेलं, कल्याणच्या खोलीत तोंडाशी आलेलं ते वाक्य असं होतं :

विहीणबाई, तुमच्या पाण्यात काहीही नव्हतं. प्राची तुमच्याकडे येण्याआधी शनिवारीच माझ्याजवळ आली होती, पाणी जातंय म्हणून सांगत होती, आणि मी तिला खोटं सांगून थांबवलं. माफी तुम्ही मागायची नव्हती.